आर्वी–वर्धा बसची पाटी

'वर्धा' हा शब्द एकदा पहिलीतल्या पोराच्या डोळ्यांनी बघा. आधी व. मग ध. मग काना. आणि सगळं उरकल्यावर कान्याच्या डोक्यावर टांगलेला रफार. डोळा शब्दाच्या टोकाला पोचतो तेव्हा कुठे त्याला कळतं की एक र मागे राहिला आहे आणि तो ध च्या आधी म्हणायचा आहे. म्हणजे आल्या पावली परत जा. आपण मोठी माणसं ही पाटी वाचतच नाही, नुसती ओळखतो. म्हणून त्यातली वाकडी वाट आपल्याला दिसत नाही.

आर्वी रस्त्यावरच्या एका गावात, दोन शिक्षकांच्या शाळेत मी शिकवत होते. माझ्याकडे तिसरीला एक मुलगा होता. तो 'वधा' वाचायचा, कधी 'वध्रा'. गावात येणाऱ्या एसटीवर पाटी असायची 'आर्वी–वर्धा'. दोन शब्द, दोन्हींवर रफार. तो बस वेळेवरून ओळखायचा. बाकी पोरगा तल्लख होता. बापानं किती कापूस घातला, काय भाव लागला, अडत कापून हातात किती पडतील, हे तो पाटी-पेन्सिल न घेता सांगायचा. बंद पडलेला फवारणीचा पंप खोलून जोडायचा. आई म्हणायची, "पोट्टा हुशार हाय मॅडम, पन पुस्तक पाह्यलं का झोप येते त्याले." बाप शाळेत आला की त्याचं एकच मागणं असायचं, "लय ठोका त्याले, पन वाचता आलं पायजे."

मी ठोकलं नाही. त्याचा मला तेव्हा अभिमानही वाटायचा. मी फक्त म्हणायचे, "अरे, ढ आहेस का?" आणि वर्ग हसायचा.

हा 'ढ' मोठा मजेचा आहे. असं सांगतात की ब्राह्मीतली बाकीची अक्षरं दोन हजार वर्षांत ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, ढ मात्र अशोकाच्या काळी होता जवळपास तसाच राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही तो ढ. व्युत्पत्ती म्हणून ही गोष्ट किती पक्की हा वेगळा प्रश्न, पण ब्राह्मीतला ढ पाहिला तर तो खरोखर चटकन ओळखू येतो. ज्याला अक्षर येत नाही त्याला अक्षराचीच शिवी द्यायची, ही करामत आपल्याच भाषेची.

एकदा तपासणीला साहेब आले आणि त्यांनी नेमकं त्यालाच उभं केलं. पोटात गोळा आला. पण त्यानं पुस्तक उघडलं, ओळीखाली बोट धरलं आणि अख्खा पाठ घडाघडा वाचून दाखवला. साहेब खूश. मी त्याच्या मागे उभी होते, म्हणून मला दिसलं: पुस्तक भलत्याच पानावर उघडं होतं. बोट एका पाठावर फिरत होतं आणि तोंडातून दुसरा पाठ येत होता. वर्गात इतरांच्या तोंडून ऐकून ऐकून त्यानं तो स्वल्पविरामासकट पाठ केला होता. साहेबांना मी काही बोलले नाही. त्या दिवशी त्याच्या पाठांतरानं त्याची अब्रू वाचली आणि माझीही.

ज्या मुलाला आपण आळशी म्हणतो त्यानं तो आळस लपवण्यासाठी किती राबावं? पाठच्या पाठ तोंडपाठ करणं हे वाचण्यापेक्षा दहापट कष्टाचं काम आहे. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण माझ्या डोक्यात एक समजूत पक्की बसली होती आणि ती बहुतेक शिक्षकांच्या आणि आईबापांच्या डोक्यात आजही आहे: मूल शाळेत येतं, अक्षरं गिरवतं, बाराखडी म्हणतं आणि मग वाचन आपोआप येतं. चार जणांना आलं, याला आलं नाही, म्हणजे खोट याच्यात.

बोलणं आपोआप येतं हे खरं. घरात कोणी बोलत असलं की लेकरू बोलू लागतं, त्याला कोणी शिकवणी लावत नाही. वाचनाचं तसं नाही. माणूस बोलायला लागून युगं लोटली. लिहायला लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली आणि सामान्य घरातली मुलं वाचू लागली ती तर काल-परवा. मेंदूत वाचनासाठी जन्मतः राखून ठेवलेली जागा नाही. पाहण्यासाठी आणि ऐकण्या-बोलण्यासाठी असलेल्या भागांची नव्यानं जोडणी करावी लागते, आणि ती शिकण्यातूनच होते. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर बायांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून संशोधकांनी त्यांच्या मेंदूच्या तपासण्या केल्या. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिशीतल्या त्या बायांच्या मेंदूतल्या भागांची आपसातली जुळणी सहा महिन्यांत बदललेली दिसली. तिशीत बदलते, मग सातव्या वर्षी का नाही बदलणार? पण बदल घडला तो शिकवल्यामुळे.

काही मुलांच्या मेंदूत मात्र ही जोडणी सहज होत नाही. त्याला डिसलेक्सिया म्हणतात. जगभरच्या अभ्यासांत शंभरातल्या साधारण पाच ते दहा मुलांना तो कमीअधिक असल्याचे अंदाज आहेत. तो घराण्यात चालत येतो आणि बुद्धीशी त्याचा संबंध नाही. इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरनं ७ नोव्हेंबर १८९६ रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. मुलगा हुशार, गणितात तरबेज, नजर चांगली, सात वर्षं शिकवूनही वाचता मात्र येईना. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यांत पुढे असता, असं त्याच्या मास्तरचं मत होतं. मुलाचं नाव पर्सी. स्वतःचं नाव लिहिताना तो 'प्रेसी' लिहून बसायचा आणि दाखवून दिल्याशिवाय चूक त्याच्या लक्षात यायची नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं. पर्सीचा प्रेसी. वर्धाचा वध्रा. तोच र, जागा सोडून पळालेला. शंभर वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज डॉक्टरला जे दिसलं ते मला माझ्या पुढच्या बाकावर दिसलं नाही. आणि त्या मास्तरला निदान इतकं तरी कळलं होतं की मुलगा हुशार आहे.

डिसलेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. २००७ साली 'तारे जमीन पर' आला आणि या विषयाबद्दल घराघरांत बोलणं सुरू झालं, हे त्या सिनेमाचे उपकारच. पण पडद्यावर नाचणारी अक्षरं तेवढी लोकांच्या लक्षात राहिली. लहानपणी उलटसुलट अक्षरं सगळीच मुलं काढतात. खरी अडचण बहुतेकदा डोळ्यांपेक्षा आवाजाशी निगडित असते. बोललेला शब्द कानावर पडला की त्याचे तुकडे करता येणं, ते मागेपुढे करता येणं, पुन्हा जोडता येणं, ही वाचनाच्या आधीची तयारी. ब्रॅडली आणि ब्रायंट या दोघांनी १९८३ साली दाखवलं की चार-पाच वर्षांच्या मुलाला यमक आणि शब्दाचा पहिला आवाज किती ओळखता येतो, यावरून पुढे त्याचं वाचन कसं होईल याचा बराच अंदाज बांधता येतो.

यासाठी परदेशातून खेळणी मागवायला नकोत. लहानपणी आपण 'च ची भाषा' बोलायचो. पहिलं अक्षर काढून शेवटी टाकायचं आणि पुढे च लावायचा: मला म्हणजे 'चलाम', शाळा म्हणजे 'चळाशा', वर्धा म्हणजे 'चर्धाव'. मोठ्यांना कळू नये म्हणून केलेला हा खेळ म्हणजे आवाजाचे तुकडे करण्याचा पहिल्या दर्जाचा व्यायाम आहे. आपल्याकडच्या भुलाबाईच्या गाण्यांतली यमकं, गाडीतल्या अंताक्षऱ्या, सगळी तीच मशागत. आता आठवतं, माझा तो मुलगा या खेळात कधीच नसायचा. पोरं 'चलाम चलाम' करत फिरायची आणि हा कडुनिंबाखाली एकटा दगड मारत बसायचा. मला वाटायचं, घुम्या आहे.

आता आपल्या लिपीचं बघू. आपली लिपी शास्त्रशुद्ध आहे, बोलतो तसं लिहितो, म्हणून मराठीत डिसलेक्सिया नसतोच, असं म्हणणारे जाणते लोकही मला भेटले आहेत. इंग्रजीपेक्षा आपली लिपी सरळ आहे, यात वाद नाही. पण सरळ म्हणजे थोडी नव्हे. इंग्रजीत २६ अक्षरं. आपल्याकडे चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तर चारशे आठ आकृत्या होतात, जोडाक्षरं वेगळीच. पहिली वेलांटी म्हणायची नंतर पण काढायची आधी. उकार खाली, मात्रा वर, रफार डोक्यावर आणि तोही पुढच्या अक्षराच्या. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की अक्षरं पक्की होण्याचं काम तिसरी-चौथीच्या पुढेही चालू राहतं. आणि सरळ लिपीत ही अडचण लपून बसते. इंग्रजी वाचणारा मुलगा चुका करतो, त्यामुळे पकडला जातो. मराठी वाचणारा मुलगा पुढेमागे अक्षर अक्षर लावून बरोबर वाचतो, पण इतकं हळू की ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेला असतो. कागदावर 'वाचता येते' अशी खूण होते. त्याला मात्र काहीच कळलेलं नसतं.

त्यात आपली शिकवण्याची तऱ्हा. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शेकडो मुलांचं वाचन पहिलीपासून तिसरीपर्यंत सलग तपासलं गेलं. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अहवाल २०१७ मध्ये आला. मराठी मुलांचा असा पाठपुरावा करणारं काम विरळाच. त्यात जे दिसलं ते कोणत्याही गुरुजींना ओळखीचं वाटेल: मुळाक्षरांवर महिनोन्महिने जातात, स्वरचिन्हं उशिरा येतात, फळ्यावरून उतरवून घेणं भरपूर आणि अर्थाशी गाठ फार क्वचित. तिसरी संपत आली तरी अनेकांना साधे शब्द वाचताना अडखळायला होतं. ज्या मुलाला दोन वर्षं काना-मात्रा भेटलेच नाहीत, त्याला एकही खरा शब्द वाचायला मिळाला नाही. 'कमल नमन कर' असल्या वाक्यांत कोणत्या पोराचा जीव रमणार?

याच महाराष्ट्रात फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी १९८० च्या दशकात वेगळी वाट घालून दिली. बाई मूळच्या अमेरिकेतल्या, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. इथे येऊन मराठी झाल्या आणि प्रगत शिक्षण संस्था उभी केली. त्यांच्या पद्धतीचा गाभा सांगायला सोपा आहे: मोजकी अक्षरं घ्या, त्यांच्याबरोबरच स्वरचिन्हं आणा, आणि लगेच त्यांतून अर्थाचे शब्द करा. उरलेली अक्षरं मग घ्या. मी हे फार उशिरा शिकले. पुढच्या एका शाळेत चार मुलांना घेऊन बसले तेव्हा व, र, ब, ल एवढी अक्षरं, काना आणि दोन मात्रा घेतल्या. पहिला शब्द लिहिला 'वावर'. पुस्तकात 'शेत' होतं. एक पोरगी बोट ठेवून पुटपुटली, "वा... व... र." मग थांबली. मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, आमचं वावर?" तिला वाटलं मी तिच्या घरच्या वावराबद्दल लिहिलं आहे. तिचं खरंच होतं. पाटीवरच्या रेघा आणि घरामागची पऱ्हाटी यांची तिच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा गाठ पडली. त्या दिवशी 'बैल' झाला, 'बोर' झालं, 'वरवर' झालं आणि घंटा झाली तरी ती उठेना.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या शिक्षकांनी मनाशी पक्की ठेवायला हवी. आपलं लेकरू 'शाळा' वाचताना 'शाया' म्हणतं, 'डोळे'चं 'डोये' करतं, 'पाणी' लिहिताना 'पानी' लिहितं. हा दोष नाही, आजार तर मुळीच नाही. त्याच्या आजीनं त्याला दिलेली ती भाषा आहे. 'शाया' म्हटलं म्हणजे त्यानं शब्द ओळखला. त्याला तिथे अडवून तीनदा 'शाळा' म्हणायला लावलं तर तो वाचायचं सोडून तोंड सांभाळत बसतो. कोलामांच्या पोडावरून किंवा पारध्यांच्या बेड्यावरून आलेल्या मुलाची तर घरची भाषाच निराळी. त्याला आधी मराठी कानावर पडू द्या, मग अक्षरं. हे मूल, ज्याला कधी नीट शिकवलंच नाही ते मूल आणि ज्याला शिकवूनही जमत नाही ते मूल, तिघं एका बाकावर बसली तर दिसायला सारखीच दिसतात. त्यांना वेगळं कसं करायचं? संशोधनाचं उत्तर साधं आहे: काही आठवडे रोज, थोडक्या मुलांना, नीट शिकवा आणि बघा. पहिली दोन बहुतेक पुढे निघतात. तिसरं मागे राहतं, आणि तेव्हा कुठे आपण म्हणू शकतो की याला वेगळी, जास्त मदत लागेल. शिकवण्याआधी निदान करणं म्हणजे पेरण्याआधी नापिकीचा पंचनामा.

हे सगळं वर्ध्यात बसून लिहिताना संकोच वाटतो, कारण शिक्षणाच्या बाबतीत या गावानं देशाला शहाणपण शिकवलं आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथेच परिषद भरली, झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली, हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम जन्मली, सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्यानं ती चालवली. गांधीजींचं अक्षर वाईट होतं आणि त्याची खंत त्यांनी आत्मकथेत मांडली आहे; मुलांना आधी चित्रं काढू द्यावीत आणि मग अक्षरं, असं त्यांचं मत होतं. १९३६ साली इथे स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या जुन्या पुस्तकांत इ-ई-उ-ऊ ऐवजी 'अि, अी, अु, अू' छापलेलं दिसतं. काका कालेलकरांसारख्यांची ती लिपिसुधारणा. टिकली नाही. पण शिकणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं कमी करता येईल का, हा प्रश्न या गावात मोठ्या माणसांना पडत होता, हे विसरू नये.

मात्र नई तालीमच्या नावानं एक पळवाटही तयार झाली, आणि ती मी शिक्षण परिषदांमध्ये अनेकदा ऐकली आहे. साक्षरता म्हणजे शिक्षण नव्हे, तिथून शिक्षणाची सुरुवातही होत नाही, असं गांधीजींनी १९३७ मध्ये लिहिलं होतं. त्याचा आधार घेऊन म्हणतात, "नाही आलं वाचता, काय बिघडतं? हाताला काम येतं ना?" पण ते मूळ वाक्य लिहिणारा माणूस विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेला होता, त्याला वाचनाची वाण कधीच पडली नाही. मजुराच्या पोराला ही चैन परवडत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली शाळा काढली ती अक्षर हातात नसल्यानं माणूस कसा नागवला जातो हे पाहून. हात आणि अक्षर यांत निवड करायला लावणाऱ्यानं आधी आपल्या मुलाचं पुस्तक काढून घेऊन दाखवावं.

वाचनाची तूट सावकाराच्या व्याजासारखी वाढते, हे विदर्भात तरी फोड करून सांगायला नको. ज्याला पहिलीत थोडं येतं तो वाचतो, वाचतो म्हणून शब्द वाढतात, शब्द वाढले म्हणून आणखी वाचतो. ज्याला येत नाही तो पुस्तक टाळतो, शब्द वाढत नाहीत, मग भूगोल येत नाही, मग गणितातलं शाब्दिक उदाहरण येत नाही. स्टॅनोविच या अभ्यासकानं १९८६ मध्ये ही चक्रवाढ मांडून दाखवली. पहिलीत मुद्दल किरकोळ असतं. पाचवीत ते घर विकूनही फिटत नाही. २०२२ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. कोरोनाआधी, २०१८ मध्ये, हा आकडा ५०.५ होता; म्हणजे शाळा भरत होत्या तेव्हाही निम्मी पोरं बाहेरच होती. आता २०२३ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा आली आहे, नापास झालं तर फेरपरीक्षा, तिथेही नाही जमलं तर त्याच वर्गात. परीक्षेला माझा विरोध नाही. पण जे पहिलीत शिकवायचं राहिलं त्याची शिक्षा पाचवीत दहा वर्षांच्या मुलाला द्यायची, हा न्याय मला कळत नाही. कर्ज आपण काढलं आणि जप्ती त्याच्यावर.

कायद्याच्या बाजूनं बोलायचं तर आपलं राज्य मागे नव्हतं. १९९६ पासून महाराष्ट्रात डिसलेक्सिया असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळू लागल्या. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानं २१ प्रकार मानले, त्यांत डिसलेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये डिसलेक्सिया ओळखण्यासाठी 'डाली' नावाची चाचणी काढली, ती मराठीतही आहे. म्हणजे साधनं आहेत. पण ती कोणाला पोचतात? ज्या घरात कोणी शिकलेलं आहे, ज्याला नागपूर-मुंबईच्या फेऱ्या आणि तपासणीचा खर्च झेपतो, त्या घराला नववीत आठवण येते आणि दहावीपूर्वी प्रमाणपत्र मिळतं. सवलत योग्यच आहे. पण जादा अर्धा तास दिल्यानं वाचन येत नाही. आणि आष्टी-कारंज्याकडच्या खेड्यातल्या मजूर बाईनं रोजी पाडून कुठे जायचं? तिचं पोरगं प्रमाणपत्राची गरज पडण्याआधीच शाळेतून गळालेलं असतं. एकाच त्रासाला शहरात नाव मिळतं आणि खेड्यात शिवी.

आईबाप शोधतात तो दुसरा उपाय कॉन्व्हेंटचा. पोरगं मराठीत मागे पडतंय असं दिसलं की बाप कर्ज काढून त्याला इंग्रजीत टाकतो. युरोपातल्या तेरा भाषांतल्या मुलांची तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. वाचनाचा पाया घालायला इंग्रजी मुलांना इतरांपेक्षा दुपटीहून जास्त काळ लागतो, असं त्यात दिसलं. तेही घरी इंग्रजी बोलणाऱ्यांना. आपल्या पोराला सरळ रस्त्यावर ठेच लागते म्हणून आपण त्याला काट्याकुट्यात नेऊन सोडतो आणि वर फीही भरतो. बापाच्या मायेबद्दल मला शंका नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही, एवढंच.

तेव्हा माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना माझं म्हणणं असं. पहिलीच्या डिसेंबरात आपल्या वर्गातल्या एकेका मुलाला जवळ बसवून, पाठ केलेलं पान सोडून, फळ्यावर कधीही न आलेले पाच साधे शब्द वाचायला द्या. पाच मिनिटं लागतात. जी अडतील त्यांचे डोळे आणि कान आधी तपासून घ्या. सेवाग्राम आणि सावंगीला एवढी मोठी दवाखान्याची गावं आपल्या जिल्ह्यात आहेत. मग त्या मुलांना रोज वीस मिनिटं वेगळं घेऊन बसा. माहिती भरायला, ॲप उघडायला आणि फोटो टाकायला तुमचे दोन तास जातात, हे मी भोगलेलं आहे. ते दोन तास ज्यांनी लादले त्यांच्याकडेच वीस मिनिटं मागा, आणि मिळाली नाहीत तर फोटो उशिरा टाका. 'निपुण भारत'चं उद्दिष्ट तिसरीपर्यंत प्रत्येकाला वाचता यावं हे आहे. ते फलकावर लिहून झालं, आता पोराच्या पाटीवर उतरू द्या. आणि आईबापांनो, "येईल हळूहळू" हे वाक्य दुसरीनंतर तोंडातून काढू नका. आपल्या स्वतःला लहानपणी वाचन जड गेलं असेल तर ते लाजेनं लपवण्यापेक्षा शाळेत येऊन सांगा. ती मास्तरच्या उपयोगाची माहिती आहे.

माझा तो मुलगा नववीत शाळा सोडून गेला. आज त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि बरं चालतं. मोबाइलवरचे निरोप तो ऐकतो, वाचत नाही. गेल्या दिवाळीनंतर त्याचा फोन आला. आवाज ओळखायला मला वेळ लागला. म्हणाला, "मॅडम, पोरगी पहिलीत हाय. बसची पाटी दाखोली तं 'वधा' वाचते. माह्यासारखंच होऊन रायलं काय?"

मी त्याच आठवड्यात तिच्या शाळेत जाऊन तिच्या बाईंना भेटले. व, र, ब, ल ही अक्षरं आणि काना त्यांनी सुरू केला आहे. रफार अजून घेतलेला नाही.